सहा व्होल्टवरची साय

३ फेब्रुवारी
पुन्हा फाटली! सोन्याच्या पत्र्यावर रेणूंचा एकपदरी थर. त्यावर मंद इलेक्ट्रॉन सोडायचे – हायड्रोजन सुटतो, रेणू एकमेकांना धरतात, आणि अलगद उचलता येईल अशी साय बनते. सगळे पन्नास व्होल्टवर करतात. त्यार्कचा हट्ट सहाचा! म्हणायचा, 'जोर लावू नकोस, गेझा. रेणूंची वरची टोकं शाबूत राहिली पाहिजेत.' हट्ट त्याचा, निस्तरतेय मी.

५ फेब्रुवारी
त्यार्कला प्रयोगशाळा सोडून चौदा महिने झाले. त्याच्या आईला काही आठवेनासं झालं, म्हणून घरी गेला, फ्योर बेटावर. सात वर्षं या यंत्रापाशी शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत मनातलं एक अक्षर बोलले नाही मी.

१२ फेब्रुवारी
प्रोफेसर ओस्टहॉफ दारातूनच म्हणाले, 'गेझा, त्यार्कच्या जागेची जाहिरात काढतोय. माणूस तुम्हीच निवडा.' बरं म्हटलं. मग पंपांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथल्या घरघरीत रडलेलं कुणाला ऐकू जात नाही.

१७ फेब्रुवारी
आज सलग नऊ तास सोडले इलेक्ट्रॉन. सहावरच.

१९ फेब्रुवारी
टिकली!! खालचं सोनं विरघळवलं, साय जाळीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली – अखंड! टोकंसुद्धा शाबूत.
धावत जाऊन बेटावर फोन लावला. त्याच्या आईने उचलला.
'कोण गं?'
'मी गेझा, काकू. त्यार्क आहे?'
'समुद्राकडे गेलाय. काय सांगू?'
साय टिकली, एवढंच सांगायचं होतं. तोंडून निघालं भलतंच – 'त्याच्यावाचून मला इथं करमत नाही. मला तो हवाय. कधी सांगितलंच नाही त्याला.'
कसं बोलले कोण जाणे! दोन मिनिटांत विसरेल बिचारी, म्हणूनच धीर झाला. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. विसरणाऱ्या बाईपाशी मन मोकळं करायचं, हे काय धाडस झालं?
ती मात्र म्हणाली होती, 'अगोबाई! मग इतके दिवस होतीस कुठं?'

२० फेब्रुवारी
त्याचा फोन नाही. निरोप पोचलाच नसणार.

२१ फेब्रुवारी
सकाळी त्यार्कचा फोन. म्हणाला, 'आई दोन दिवस एकच घोकतेय. माझं नावसुद्धा अधूनमधून विसरते ती, पण तू बोललीस ते अक्षरन्‌अक्षर पाठ आहे. खरं आहे का ते?'
हो म्हटलं.