पूजेआधीचा चहा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज बायकोचं, शिवगंगाचं, रक्त नेलं. यंत्रात फिरवून त्यातलं पांढरं तेवढं वेगळं काढलं, बाकीचं परत तिच्या अंगात सोडलं. पांढरं बर्फाच्या डब्यात घालून हैदराबादला रवाना. मी डब्यावरचं नाव वाचायला वाकलो तर सिस्टर म्हणाली, "आजोबा, बाजूला व्हा." नाव का वाचू देत नाहीत?

तिच्या डोक्यातली गाठ दसऱ्याआधी काढली. सगळी निघाली नाही. जो तुकडा निघाला तोही फेकला नाही, जपून ठेवलाय. कशाला, हे मी तेव्हाच विचारलं होतं. शिवशंकर म्हणाला, "अप्पा, जरा दमानं घ्या." पोरगा इथं नांदेडला वीज कंपनीत आहे. बाहेर साहेबालाही ऐकत नाही, दवाखान्यात मात्र हात बांधून उभा राहतो.

हा उपचार अजून प्रयोगात आहे. पैसे घेत नाहीत. तीच तर भीती.

९ नोव्हेंबर

डॉक्टर मनिषा मॅडमनी आज बसवून समजावलं. अंगात राखणदार पेशी असतात, परकं कुणी शिरलं की धरतात. पण मेंदूभोवती पक्की तटबंदी असते, तिथं राखणदारांनाही सहज सोडत नाहीत. आणि जे थोडे आत पोचतात त्यांना ही गाठच गुंगी आणते. म्हणून हिच्या रक्तातल्या पेशींना हिच्याच गाठीची ओळख करून द्यायची आणि परत अंगात सोडायच्या. तुकडा त्यासाठी ठेवलाय.

मी म्हटलं, "पोलिसाच्या कुत्र्याला चोराची चप्पल हुंगवतात, तसं?"

"अगदी तसंच, काका."

"मग सुई डोक्यात देणार?"

"नाही. मांडीच्या वरच्या अंगाला."

मांडीत टोचलेलं डोक्यात कसं चढणार? म्हणे तिथून सगळ्या फौजेला वर्दी जाते आणि फौज रक्तातून वर जाते. मॅडम हुशार आहेत, बोलतात गोड. गोड बोलणाऱ्याला मी दोनदा विचारतो.

रिक्षात गंगा म्हणाली, "रेणापूरहून किल्लारीला मला बघायला आलात तवा कोण होतं संगं? तरी वाट सापडली की न्हाई?"

हिला चेष्टा सुचते.

१४ नोव्हेंबर

ऑपरेशन झाल्यापासून जी गोळी चालू होती ती आता कमी करत आणली. त्या गोळीवर ती हिंडत होती, जेवत होती. आता पडून असते. चांगलं चाललेलं औषध कुणी काढतं का? विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती सूज उतरवते पण राखणदारांनाही झोपवते, सुई देण्याआधी बंदच करायची.

प्रयोगासाठी रोगी अशक्त लागतो की काय?

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिली सुई दिली. डबा हैदराबादहून परत आला. आत होत्या त्या हिच्याच पेशी कशावरून? किती लोकांचे डबे येत असतील. एका डब्याचं झाकण दुसऱ्याला लागायला कितीसा वेळ लागतो. शिवशंकरला म्हटलं तर त्यानं कपाळाला हात लावला.

२४ नोव्हेंबर

डोकं दुखतं. सकाळी ओकली. उजव्या हातातून वाटी सुटली. तिनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खिडकीबाहेर बघितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रेणापूरच्या शेताला जाऊन येतो म्हणून निघालो. रेणापूरला उतरलोच नाही. लातूरहून जीपनं थेट किल्लारी.

माझी मेहुणी दानम्मा तिथं असते. दोन वर्षांपूर्वी भिंत धरून चालायची, आता बाजार करून येते. गुडघ्यांना सटवाजीची पुडी लागू पडली. तिनंच मला त्याच्याकडं नेलं. वर टांगलेला झाडपाला, खाली खल. मी गंगाचं सगळं सांगितलं. सटवाजीनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "सूज हाय ना? मंग सूज ती सूज. गुडघ्यात काय अन् डोक्यात काय. चहातून द्या, दवाखान्यात बोलू नका. ते जळून राहिलेत माझ्यावर."

हा माणूस गोड बोलला नाही. म्हणून विश्वास बसला.

१ डिसेंबर

पुडी सुरू केली. गंगाला सांगितलं, ताकदीची आहे, दानम्मानं दिली. ती म्हणाली, "बरं." इतकं लवकर बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी पुनम, आमची सून, दोन पेले चहा आणून खाटेजवळ स्टुलावर ठेवते. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घालत नाही, म्हणून पेले झाकून राहतात. पुनम गेली की मी गंगाच्या पेल्यात पुडी ढवळतो, वरून झाकण, मग भिंतीकडं तोंड करून पूजेला बसतो. गंगा आता खाटेवरूनच करते, तिची लवकर आटोपते. माझी होईपर्यंत ती थांबते. मग दोघं बरोबर पितो. लग्नापासूनची रीत.

७ डिसेंबर

गुण आला! आज तिनं स्वतः वेणी घातली. डावा हात जास्त चालवला, पण घातली. दवाखान्यातले सुईचं नाव सांगतील. सांगू देत.

मलाही भूक लागायला लागलीय. काल चार भाकरी खाल्ल्या. मन हलकं झालं की अंगही हलकं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

चहाला कडवट चव येते. आठ-दहा दिवस बघतोय. पुनमला विचारलं, पत्ती बदलली का? म्हणाली, नाही अप्पा, तीच आहे. गंगाला विचारलं, तुला लागतो का कडू? ती म्हणाली, "मला तर गोड लागतो."

तिच्या पेल्यात पुडी, तरी तिचा गोड. माझ्यात काही नाही, तरी कडू. पुनमला आमचं इथं राहणं जड झालं असेल काय? तोंडावर काही बोलत नाही. न बोलणाऱ्याचंच भ्या असतं.

१३ डिसेंबर

माझ्या चहावर पुनम पुरता एक चमचा साखर जास्त घालायला लागली. कडू झाकायलाच ना?

१७ डिसेंबर

दवाखान्यात लिफ्ट बंद होती. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं गेलो, न थांबता. ऐन थंडीत माझा दुखरा गुडघा एकदाही बोलला नाही. शिवशंकर म्हणाला, "अप्पा, तोंडावर तेज आलंय तुमच्या. गाल भरले." रात्री झोप मात्र येत नाही.

दुसरी सुई दिली.

२२ डिसेंबर, सोमवार

घरी आल्याबरोबर लिहायला बसलो.

डोक्याचा फोटो काढला. गाठीची जागा आधीपेक्षा मोठी दिसते, चोहीकडं सूज. मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणत होतो. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

"काका, याचे दोन अर्थ होतात. एक, गाठ वाढली. दुसरा, राखणदार पेशी आत पोचल्या, तिथं झुंज चाललीय आणि त्याची ही सूज आहे. कुठला अर्थ, ते तुम्ही सांगायचं."

"मी?"

"बाहेरचं काही देता का? गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात, त्यांत आपण बंद केलेली तीच गोळी कुटून घालतात. तसलं काही पोटात गेलं असेल तर राखणदार झोपलेले असणार, आणि ही वाढ गाठीचीच. मग या सुया थांबवाव्या लागतील. काही दिलं नसेल, तर मला आशा आहे."

गंगा शेजारीच बसली होती. माझ्याकडं बघत होती. शिवशंकरही.

मी म्हटलं, "न्हाई. काही दिलं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मग चालू ठेवू." गंगाला आत तपासायला घेऊन गेल्या. बराच वेळ दार लावलेलं होतं. आत काय बोलत होत्या कोण जाणे.

२३ डिसेंबर

उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. वरून तीन बादल्या पाणी.

सगळ्यांवर संशय घेतला. डब्यावर, सुईवर, सुनेच्या चहावर. सटवाजीला एक प्रश्न विचारला नाही.

२५ डिसेंबर

अंग मोडून आलंय. गुडघे परत धरले, आधीपेक्षा वाईट. भाकरी बघवत नाही. हे मला व्हायलाच पाहिजे.

चहा आता कडू लागत नाही. तेही कळेना.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमचा शिवशंकरला फोन आला, अप्पांना घेऊन या. रोगी ती, बोलावणं मला. गेलो तर सिस्टरनं माझंच रक्त काढलं. साखर बघायची म्हणे, वजन केलं, रक्तदाब बघितला, उठताना गरगरतं का विचारलं. माझ्या रक्ताचं यांना काय काम? आता मलाही प्रयोगात घेणार काय?

मॅडमच्या तोंडाकडं बघवलं नाही. त्यांनाही काही बोलायचं होतं असं वाटलं. म्हणाल्या, "काका, घरी जाऊन काकूंशी बोला."

२७ डिसेंबर

बोलायचं ठरवून दोनदा खाटेजवळ गेलो. एकदा पाणी विचारून परतलो, एकदा पांघरूण सारखं करून. ती म्हणाली, "पांघरूण ठीक हाय. तुमचं काय हाय ते सांगा." मी म्हटलं, "काही न्हाई."

बोललो तर सुया बंद होतील. नाही बोललो तर उगाच टोचत राहतील आणि गाठ वाढत राहील. दोन्हीकडून तिलाच सोसायचंय.

उद्या पूजेआधी सांगणार. लिहून ठेवतो, म्हणजे फिरता येणार नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. ती हसली.

"भिंतीकडं तोंड करून बसता. पेल्याला पेला बदलायला डावा हात पुरतो."

मी स्टुलावरच्या दोन्ही पेल्यांकडं बघितलं.

"दानम्माची पुडी गुडघ्याची. माझे गुडघे कुठं दुखतात? म्हटलं, ज्याचे गुडघे त्यानं घ्यावी. एवढं वंगाळ असंल त्यात हे मला तरी कुठं ठाऊक. मॅडमला त्याच दिवशी आत सांगितलं, म्हणून तर तुमचं रक्त काढलं. त्या तुम्हाला सांगणार होत्या, मीच थांबा म्हटलं. त्यांच्यासमोर खोटं बोललात. बघत होते, कधी तोंड उघडताय."

तिच्या पोटात एकही पुडी गेलेली नाही. म्हणजे डोक्यातली सूज राखणदार पेशींची असेल. पोचल्या असतील.

पूजा झाल्यावर तिचा पेला मीच तिच्या हातात दिला. तिनं आधी हुंगला, मग प्याली.