दादाच्या जागचा दगड

चोकेईदादा,

आलास बाबा एकदाचा घरी! ओकिनावाची लढाई संपून माझं अख्खं आयुष्य गेलं, तेव्हा कुठे दक्षिणेकडच्या एका गुहेत तुझी हाडं सापडली. डीएनए जुळवून ओळख पटवायला मला नळीत थुंकावं लागलं. आज ती हाडं आपल्या घराण्याच्या थडग्यात ठेवायला गेलो, तर तुझ्या अस्थींसाठी ठेवलेल्या मडक्यात आधीच कोणी बसलेलं!

घाबरू नकोस, दगड आहे. तुझं काहीच हाती लागलं नव्हतं, म्हणून आईने तिथल्या किनाऱ्यावरून तो उचलून आणला आणि तुझ्या नावाने ठेवला. गावात कितीतरी घरांत असंच केलंय. दर वसंतात आम्ही सगळे थडग्यासमोर जेवायला बसतो, तेव्हा त्यालाही डुकराचं मांस आणि भाताची दारू. आई त्याच्यावर डाफरायचीसुद्धा, "सोळा वर्षांचा घोडा झालास, पोटभर खाता येत नाही?"

आपल्या धाकट्या भावाचा सेइजी म्हणाला, "आत्या, आता खरे काका आलेत. दगड समुद्रात टाकून येतो."

"हात तर लावून बघ!" मी म्हटलं. "आईचं सगळं रडणं त्याने ऐकलंय. तुझ्या खऱ्या काकांनी ऐकलंय का?"

सगळे हसले, मग पोटभर जेवलो.

तेव्हा जरा सरकून बस, दादा. मडकं मोठं आहे. मांस दोघांत वाटून खा. दारू मात्र त्यालाच. तो आमच्याबरोबर म्हातारा झालाय. तू अजून सोळाचाच आहेस.

तुझी धाकटी, आता तुझ्या आजीएवढी,
नाबी