काळीच्या नातीची धार

आये, रातभर डोळ्याला डोळा नाय लागला. बाळाला ताप हाय, जुलाब थांबत नायत, आणि ते कशानं झालं ते मला ठावं हाय. सासूबाई म्हणतात दात येतायत.

तू गेलीस, तुजी काळी शेळी पण गेली, पण तिची नात माज्या दारात हाय. भावानं लग्नात दिली. तशीच काळीकुट्ट, तसेच लांब कान. माहेरी कडावला बाया तुला हसायच्या, शेळीचे काय एवढे लाड गं म्हणून. तू म्हणायचीस, उस्मानाबादी हाय ती, दूध पण देते आणि तिचे बोकड पण अंगानं भरतात. बोकड विकला की आमाला चपला यायच्या. एकदा मी दोन्ही सडं पिळून काढली तर तू पाठीत धपाटा घातलास. "एक तिच्या पोराचं हाय. ते काय खाईल?" अजून मी दुसऱ्या सडाला हात लावत नाय.

आणि भाऊ तान्हा होता तवा तू त्याला मांडीवर आडवा घेऊन काळीखाली बसायचीस. सरळ तोंडात धार. तो हसतोय, नाकावर फेस, आणि मी बाजूला माजा नंबर कधी लागतो म्हणून बसलेय. परवा माजं दूध पुरेना, बाळ रडून लाल झालं, तवा मला तेच दिसलं. मी बाळाला घेऊन शेळीखाली बसले. ते पण तसंच हसलं गं.

सकाळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या. बाळाची टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वरचं काय दिलंस का, इचारलं. सासूबाई तिथंच उभ्या. त्या आधीच म्हणत होत्या, ही शेळी खाटकाला देऊन टाकू. आता सांगितलं तर आजच देतील. तरी सांगितलं. आशाताई ओरडल्या नायत. "एवढ्याशा पोराला वरचं दूध नाय द्यायचं, आणि कच्चं तर नायच. डॉक्टरला पण असंच खरं सांग." आता त्या चमच्यानं जुलाबाच्या पावडरीचं पाणी पाजतायत. रिक्षा आली की खालापूरला दवाखान्यात जायचं.

तुज्यावर राग नाय, आये. तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमी वाचलो. पण मला लय भ्या वाटतं. आमच्या दुखण्यात तुला वाटायचं का? तू कधी दाखवलं नायस. मी पण सासूबाईंसमोर दाखवत नाय, इथंच लिवते.

हा कागद शेळीच्या खुंटीला बांधून जाते. ज्याला घावेल त्यानं माज्या भावाला फोन करा. आशाताईंच्या फोनवरनं लावला, तो उचलत नाय, कामावर असेल. नंबर दाराच्या मागं खडूनं लिवलाय. शेळी घेऊन जा म्हणावं. आणि त्याचं पोर माज्यापेक्षा लहान हाय. आय त्याला तान्हा असताना कशी धार पाजायची ते मीच त्याला दर वेळी हसून सांगितलंय. पोराला शेळीखाली धरू नको म्हणावं.