माझी नोकरी, सगळ्यांचं मत

मंगळ., २३ जाने. ७९
टायपिंग राहिलंय म्हणून चहा टेबलावरच घेते म्हटलं. जमलं नाही. चार वाजले की मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांनी भट्टीमागच्या लिंबाखाली गोल करून बसायचं, हा अण्णांचा नियम. मालकच ते, कोण मोडणार? चहा निमित्ताला. खरं काम म्हणजे एकेकाच्या घरचं सगळ्यांनी मिळून चघळायचं. आज माझी पाळी. अण्णांनीच सुरुवात केली, "ही पोरगी अर्धा डबा परत न्हेती. घरात काय झालंय काय?" पंपाचा कारखाना आहे की माझं सासर?

गुरु., २५ जाने.
इचलकरंजीहून पत्र. सूतगिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट. मुलाखत शनि. ३ तारखेला. मैत्रीण सुमन तिथेच आहे. म्हणते, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपलं टेबल, आपला चहा. ऐकूनच बरं वाटलं. कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही नाही.

मंगळ., ३० जाने.
शनिवारची रजा मागितली. कारण लिहिलं, घरगुती काम. तिथेच चुकलं. अण्णांनी डोळे बारीक केले. "पावणं कुठलं?" तसं काही नाही म्हटलं, तर म्हणे लाजू नकोस. चारला जाहीर. स्टोअरचे शकीलभाई म्हणाले, "ताई, पोरगा काय करतो ते आधी विचारा. शेती किती ते मागनं." सगळे हसले. मीही हसले, चिडलेली असून.

गुरु., १ फेब्रु.
कहर. अण्णा परस्पर बाबांच्या शिलाईच्या दुकानात गेले. पाव्हण्यांना आणायला कारखान्याची जीप घ्या म्हणून. बाबांना कशाचाच पत्ता नाही. आई रडायला लागली, मी कुठला मुलगा परस्पर पसंत केला म्हणून. मुलाखतीचं सांगावंच लागलं. बाबा म्हणाले, "अण्णांना सांग. त्यांनी आपलं एवढं केलंय." काय केलंय? मी काम करते, ते पगार देतात.
गेल्या पावसाळ्यात बाबा पडून होते तेव्हा दोन्ही वेळचे डबे याच लोकांच्या घरून यायचे. ते विसरता येत नाही, हीच तर पंचाईत.

शुक्र., २ फेब्रु.
अण्णांना सांगितलं. चिडले असते तर सोपं झालं असतं. "जायाचं की. कोण नको म्हणतंय?" वर जीप ने म्हणाले. नको म्हटलं, एस.टी.नं जाईन.

शनि., ३ फेब्रु.
जीपनंच गेले. सकाळी दारात उभी. ड्रायव्हर म्हणाला, "एकटं सोडायचं न्हाय, अण्णांनी सांगितलंय." मुलाखत संपेपर्यंत हा गिरणीच्या फाटकाबाहेर.
ऑफिस सुमन म्हणाली तसंच. साहेबांनी माझ्याकडे न बघताच प्रश्न विचारले. जेवणाच्या सुट्टीत जो तो आपापल्या डब्यात. छान वाटलं. मग पाणी कुठे मिळेल ते विचारायचं होतं, तर कुणाची नजरच मिळेना.

शुक्र., १६ फेब्रु.
नेमणुकीचं पत्र आलं. एक तारखेला हजर व्हायचं, सोमवारपर्यंत होकार कळवायचा. बाबांना बजावलं, माझं मी ठरवणार, तोवर कुणाकडे बोलायचं नाही. बरं म्हणाले.

शनि., १७ फेब्रु.
बाबांनी अण्णांना सांगितलं.
चारला विषय मी. समोर बसलेली असताना "ती" म्हणून बोलत होते. शकीलभाई म्हणाले, "जाऊ दे तिला. मोठी गिरणी हाय, फंड हाय." भट्टीवरच्या मिस्त्रींना काळजी, रोज एवढा प्रवास झेपेल का? मी तोंड उघडलं की, "तू थांब गं." शेवटी एकमतानं ठरलं, मी जावं. "वाईट वाटतंय, पर पोरीचं कल्याण बघायचं," म्हणाले अण्णा, आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं, आणि त्याच वेळी किंचाळावंसं वाटलं. जायचं मलाच होतं. पण ते माझं मी ठरवून.
नंतर अण्णांनी माझा राजीनामा स्वतः लिहून आणला. मायना, कारण, आभार, सगळं. "एवढं टाईप कर, सही कर. दोन कॉप्या काढ."
कागद मशीनला लावला. तारीख मारली. पुढं हात चालेना. गेले तर यांनी ठरवलं म्हणून गेले. राहिले तर यांचं मोडायचं म्हणून राहिले. यात मी कुठे?
अण्णा दोनदा डोकावले. "झालं का गं?"
"नाही."
"का?"
सांगितलं नाही. सोमवारपर्यंत तरी सांगणार नाही.