दीड सुताची फट

रा. रा. विद्याधरपंत (हल्ली मुक्काम चिपळूण, मुलाचं घर, वरचा मजला),

कांदिवलीहून रामचंद्राचा नमस्कार. तुझा गुडघा, सूनबाईंची अळूची पानं आणि तिथली वीज, तिन्ही जागेवर असावीत. इथे मी ठणठणीत, चारकोपचा आपला लेथचा गाळा चालू, तुझ्या हेमांगीवहिनीचा आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत.

पत्राचं कारण आपला रिमोटवरचा रणगाडा (हेमांगीच्या भाषेत 'खेळणं'). गाळ्याच्या पायरीवरून गडगडून त्याचं अंग फुटलं, तेव्हा तू म्हणालास, "राहू दे रामा, मोटर जिवंत आहे ना?" आणि सामान बांधून मुलाकडे गेलास. मी राहू दिलं नाही. तळाचा सांगाडा एका कंपनीचा मागवला, ॲल्युमिनियमचा. वरचं कवच दुसऱ्या कंपनीचं, प्लास्टिकचं, कारण ते रंगवून मिळत होतं (रंग शेवाळी लिहिला होता, आला शेपूच्या भाजीचा). दोन्ही खोक्यांवर 'एकास सोळा' हे एकच प्रमाण छापलंय, पण नुसती पत्रिका जुळली म्हणून लग्न लावल्यासारखं झालं. पुढची बाजू बसवावी तर मागची उचलते, मागची दाबावी तर पुढची आ वासते, आणि भोकांची एकमेकांशी ओळखच नाही. गिऱ्हाइकाने असा जॉब आणला असता तर चहा पाजून परत पाठवला असता. हा घरचा, म्हणून कानस घेऊन बसलो.

घासून घासून शेवटी डाव्या बाजूला दीड सुताची फट उरली. (तुझी डावी की माझी, हे भांडण आपण समोरासमोर बसायचो म्हणून व्हायचं. आता समोर कोणी नाही, त्यामुळे डावी म्हणजे डावी. मजा नाही.) लेथ चालू असतानाच हेमांगीला फोन करून सांगितलं, येताना दीड सुताची रबरी पट्टी आण. तिला जेवढं ऐकू गेलं तेवढं गेलं. संध्याकाळी पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं घेऊन दारात हजर. "दीड कोणी देत नाही, उरलेलं अर्धं गोधडीला होईल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी समजावायला लागलो, तर म्हणाली, "जन्मभर ऐकतेय. तुमचं सूत जुळायचं ते भावोजींशी. ते गेले चिपळूणला. आता या डब्यावर कशाला राग काढता?"

मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा फटीत घातला आणि गेल्या रविवारी रणगाडा गल्लीत उतरवला. चहाच्या टपरीपासून गेटपर्यंत सरळ गेला, स्पीडब्रेकरसकट. टपरीवाला धोंडिराम बघत होता. म्हणाला, "आणि दुसरे शेठ?" म्हटलं, येतील.

परवा फोनवर तू "मजेत आहे रे" म्हणालास. माझे कान तुला माहीत आहेत, बेअरिंग कुरकुरायच्या आधी मला ऐकू येतं. तुझ्या मागे पंखा फिरत होता. तेवढंच. कानस नाही, ड्रिल नाही, साधा पाना पडल्याचा आवाजसुद्धा नाही. असो. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा
रामचंद्र

ता. क. रणगाडा गेटपर्यंत गेला हे खरं, पण हेमांगीचं सूत बांधून मीच पुढून ओढत नेला. धोंडिरामने म्हणूनच विचारलं.

आणखी ता. क. रिमोट तुझ्या बॅगेत गेलाय. चष्म्याच्या डबीशेजारी बघ. कुरिअरने पाठवू नकोस, ते लोक आपटतात. हातात घेऊन ये.

शेवटचा ता. क. ट्यूबचा तुकडा मी चिकटवलेला नाही, नुसता अडकवून ठेवलाय. डावी कुठली ते तू आल्यावर ठरवू.