दुसऱ्या मजल्यावरची निळी खोली

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे आम्ही आहोत तसे आहोत, तुमचं क्षेम कळवत जा.

फोन का उचलत नाही म्हणून पत्रात पानभर रागावली आहेस. वाचून बरं वाटलं, रागावण्याइतकी ताकद अंगात आहे म्हणजे प्रकृती ठीक आहे. अगं, उचलून करू काय? जन्म लिफ्टच्या मोटारींशेजारी गेला, कानांचं व्हायचं ते झालं. तू तिकडून काहीतरी कळवळून सांगतेस आणि मी इकडून नुसता हो हो करतो. परवा दादाला असंच हो म्हणालो, तर पठ्ठ्या तुझ्या आईला संस्थेत ठेवायची चौकशी करून मोकळा. म्हणून आता जे काय ते कागदावर.

आईचं विसरणं वाढलंय. चहाचं पातेलं कुठे ठेवलंत म्हणून मला विचारते, आणि विचारता विचारता तिचा हात बरोबर त्याच फळीवर जातो. डोकं विसरलंय, हात विसरलेले नाहीत. पहाटे उठली की खाटेचा कठडा, मग कपाट, मग दाराची चौकट असं चाचपत बाथरूमला जाऊन येते. मी जागा असतो, पण मला उठावं लागत नाही.

ती अगदी पहिल्यासारखी असते ती फक्त एका ठिकाणी. हसू नकोस. फर्निचरच्या दुकानाचा दुसरा मजला! तुम्ही लहान होतात तेव्हा सिनेमाची चार तिकिटं परवडायची नाहीत, म्हणून रविवारी आपली वरात तिथे जायची. तिथल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे होती, त्यामुळे दारावरचा माणूस अडवायचा नाही. त्या मांडून ठेवलेल्या खोल्या, पुठ्ठ्याचा टीव्ही, बशीत प्लास्टिकची लिंबं. आई एक खोली निवडायची आणि अर्धा तास आपण तिथे राहायला जायचो. तिचे नियम काय कडक! दुसऱ्याचा माल आहे, चपला काढून ऐसपैस बसायचं नाही, पाठ टेकायची नाही, खायचं-प्यायचं नाही. विक्रेता आला की मी किंमत विचारायची आणि तिने गंभीर चेहरा करून विचार करून सांगतो म्हणायचं. तू एकदा पलंगावर उडी मारलीस, तर कानाला धरून तुला जिन्यापर्यंत नेलं होतं.

आता आम्ही दोघं आठवड्यातून तीनचारदा जातो. निळी खोली तिची ठरलेली. परवा एक नवं जोडपं तो निळा सोफा बघत होतं, तर हिने त्यांना सांगितलं की रंगाला भुलू नका, पोरंबाळं झाली की डाग लपत नाहीत. विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी इतका हसलो की खोकला लागला. तेवढा अर्धा तास मला माझी बायको परत मिळते गं.

तेव्हा दादाला समजाव, संस्था-बिंस्था काही नको. आम्ही दोघं एका घरात राहणार. जमेल तोवर राहणार आणि जमेनासं झालं तरी राहणार. मला दुसरं काही नको.

तब्येतीला जप.

तुझे,
बाबा

*

गुरुवार, २० फेब्रुवारी

ति. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लॅबमध्ये, दोन रक्तनमुन्यांच्या मध्ये उभ्याउभ्याच वाचलं आणि हसले. संध्याकाळी शेजारच्या शिंपीणकाकूंचा फोन आला आणि हसू पळालं. त्या दुकानाच्या वाटेवर तुम्ही बसमधून उतरताना पडलात, कोपर फुटलं, आणि हे तुम्ही मला लिहिलं नाहीत! लिहिलंत काय, तर सोफ्यावरचे डाग.

बाबा, तुम्ही पडलात तर आईला कोण धरणार? आणि काकू म्हणतात की दुकानाचा मॅनेजरही कुरकुरायला लागलाय. रोज येऊन बसतात आणि घेत काही नाहीत, असं म्हणाला म्हणे.

दादाशी बोलले. त्याचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे, पण मी त्याला एकदा शेवटचं थांबवलंय. मला एक सुचलंय, ऐकून लगेच नाही म्हणू नका. आई निळ्या खोलीत खूश असते ना? मग ती खोलीच घरी आणू. सोफा, पलंग, दिवा, पडदे, सगळं. दादा त्याचा बोनस घालतोय. मी या वर्षी समुद्राकाठी आठ दिवस जाऊन नुसती लोळणार होते, ते पैसे मी घालते. समुद्र कुठे जातोय? जन्मभर तुम्ही दोघांनी दुसऱ्यांच्या सोफ्यावर अवघडून बसून करमणूक केलीत. आता स्वतःच्या सोफ्यावर बसा की.

कोपराला मलम लावताय ना? खोटं लिहू नका, काकूंना विचारीन.

आईला माझा नमस्कार सांगा, मी कोण ते आठवत नसलं तरी सांगा.

तुमची,
भिंगरी

*

शनिवार, १ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

त्या शिंपीणबाईला एवढं शिवता येतं, तर स्वतःचं तोंड का शिवत नाही कोण जाणे. कोपर बरं आहे.

तुझ्या बेताला मी नाहीच म्हणणार होतो. एवढ्याशा खोलीत तो सोफा आला तर आम्ही राहायचं कुठे? पण काल दुकानात मॅनेजर समोर येऊन उभा राहिला. वाईट बोलला नाही, पण आईचा चेहरा असा उतरला, जसं काही चोरी करताना धरलंय. मग ठरवलं, होऊ दे तुमच्या मनासारखं.

जुनं सगळं भंगारवाल्याला द्या, माझा जीव कशात अडकलेला नाही. कपाट तेवढं ठेवता आलं तर बघा, तिला हाताशी लागतं. नाहीच मावलं तर राहू दे, सवय होईल. आणि खरं सांगू का? एवढी वर्षं मी ते सोफे नुसते बघितले. मलाही एकदा पाय वर घेऊन बसायचंय.

दादाला म्हणावं, तुझा बाप तुझ्यावर रागावलेला नाही.

बाबा

*

मंगळवार, २५ मार्च

ति. बाबांस सा. न. वि. वि.

परत येऊन आठवडा झाला तरी माझं मन तिथेच आहे. तुम्ही आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलात आणि इकडे आम्ही दोघं भावंडं लहानपणी कधी भांडलो नसू एवढे भांडलो. दादा दुकानातला फोटो हातात धरून इंचाइंचाने सोफा सरकवत होता. कपाट नाहीच मावलं. बशीतली लिंबं आणि तो पुठ्ठ्याचा टीव्ही विकायचा नसतोच म्हणे. मी विक्रेत्याच्या इतकी मागे लागले की त्याने वैतागून दोन्ही फुकट दिलं. म्हटलं, तिला कुठे काही कमी वाटायला नको.

आणि दारात पाऊल टाकल्यावर तिचा चेहरा! टाळ्या वाजवल्या हो तिने. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. दादासारखा दगडसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

पण तुमचं पत्र का नाही? इतकं सुख झालंय का की लेकीला दोन ओळी खरडायला सवड नाही? आई पलंगावर झोपते ना? तुम्ही पाय वर घेऊन बसलात का? सगळं सविस्तर लिहा, मला इथे तेवढीच करमणूक आहे.

मायेत खंड नको.

भिंगरी

*

मंगळवार, ८ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आता लपवून भागणार नाही.

तुमची गाडी कोपऱ्यावर वळली आणि आई सोफ्याच्या अगदी कडेला बसली. मांडीवर पर्स, पायात चपला. चपला काढ म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारले. चहा आणला तर इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी लागून म्हणाली, की इथे कुठे चहा घेऊन आलात, सांडला तर भरून द्यावं लागेल. मला वाटलं, एक-दोन दिवसांत रुळेल. नाही रुळली. संध्याकाळ झाली की उठते आणि म्हणते, चला, दुकान बंद व्हायची वेळ झाली, मुलं घरी वाट बघत असतील. हे आपलंच घर आहे म्हटलं की हसते. विक्रेत्यांच्या थट्टेला हसायची, अगदी तसंच. मग मी तिला बाहेर काढतो, चौकापर्यंत फिरवून आणतो, दाराशी येऊन आलं बघ घर म्हणतो आणि कुलूप काढतो. समोर पुन्हा दुकान.

पलंगावर ती एकदाही आडवी झालेली नाही. बसल्याबसल्या मान टाकते. पाय सुजलेत. पाणी पीत नाही, कारण मग बाथरूमला जावं लागेल, आणि दुकानात तिने ते कधी केलं नाही. लिंबं आणि तो टीव्ही मी लपवून ठेवला, तर केवढी घाबरली! आपल्यावर आळ येईल, जिथल्या तिथे ठेवा, म्हणून माझे हात धरले. ठेवलं परत. पहाटे उठते तेव्हा धरायला कठडा नाही, कपाट नाही. हात नुसते हवेत फिरतात आणि ती जागच्या जागी उभी राहून रडते.

तुमची काही चूक नाही असं लिहिणार होतो. पण माझे कान गेलेत, जीभ अजून शाबूत आहे. चूक झालीय, तुमची आणि माझीही. घर म्हणून तिच्या हातांना जे माहीत होतं ते आपण भंगारात काढलं, आणि जिथे ती सदा परकी होती ते आणून घरात मांडलं. मी बाप, मी तरी ओळखायला हवं होतं. पण माझा डोळा सोफ्यावर होता.

भंगारवाल्याचा पत्ता दादाकडे असेल तर लगेच बघा. खाट तरी मिळू दे.

बाबा

*

शनिवार, १२ एप्रिल

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी दादा भंगारवाल्याकडे गेला. लोखंडी खाट वितळवायला गेली आणि कपाटाच्या फळ्या कुणी नेल्या ते त्याला ठाऊक नाही. दादा तिथे ढिगात तासभर हात घालून शोधत होता. रात्री त्याने फोन केला तेव्हा बोटं कापलीत एवढंच म्हणाला, कशाने ते काही केल्या सांगेना.

मी रजा मागितली आहे, पुढच्या महिन्याशिवाय मिळत नाही. बाबा, तिला चमच्या-चमच्याने पाणी पाजा, रागावली तरी पाजा. लघवी तपासून घ्या, मी या कामातली आहे, मला भीती वाटतेय. आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांना घरी बोलवा. ते जे सांगतील ते ऐका. संस्थेचं म्हणाले तरी ऐका. हे लिहायला मला तोंड नाही, कारण तिला घरी ठेवायचा हट्ट दादाशी भांडून मीच लावून धरला होता.

मला रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमची,
भिंगरी

*

शुक्रवार, २ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझी भीती खरी निघाली. ताप डोक्यात गेला, दवाखान्यात सलाईन लावलं, हे दादाने कळवलं असेलच. डॉक्टर पोरगेलासा पण समजूतदार आहे. माझ्या कानाशी येऊन मोठ्याने बोलला. म्हणाला, घरी नेलंत तर पुन्हा पाणी सोडेल, आणि पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. मी सही केली. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझी मी केली.

काल तिला पोचवलं. दवाखान्यातून आधी घरी आणलं होतं, कपडे भरायचे होते. ती आपली नेहमीसारखी सोफ्याच्या कडेला. गाडी आली. कसं उठवावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, चल, घरी जाऊ. अगं, ती ताडकन उठली! इतक्या दिवसांत मी तिला असं उठताना बघितलं नव्हतं. पदर सारखा केला, त्या खोलीकडे मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसली. जन्मभर ज्या घरात राहिली तिथून ती घरी जायचं म्हणून आनंदाने निघाली. मी शेजारी बसून हसत राहिलो, दुसरं काय करणार?

संस्था स्वच्छ आहे. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, भिंती पांढऱ्या. दुसऱ्या खाटेवरची बाई झोपलेली होती. सेविकेने पाण्याचा पेला दिला आणि आईने तो घटाघटा संपवला, आणखी मागितला. मग उशीवर डोकं टेकून आडवी झाली. मला वाटलं, जिंकलो. खुर्ची ओढून जवळ बसलो.

थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की भाऊ, तुम्ही आमच्यासाठी फार केलंत, पण आता निघा. तुमच्या घरी वाट बघत असतील. आणि आमचे हे कामावरून येतीलच इतक्यात, परका माणूस बसलेला बघून त्यांना काय वाटेल? मी बरं म्हणालो. नमस्कार केला. तिनेही केला.

घरी आलो. सोफ्यावर बसवलं नाही. स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवलो आणि तिथेच सतरंजी टाकली. सामान दादाला हवं तर नेऊ दे, नको तर विकू दे, मला विचारायला येऊ नका. तुझ्यावरचा राग संपला. माझ्यावरचा आहे, तो माझ्यापुरता राहू दे.

तू आलीस की माझ्याकडे न थांबता आधी तिच्याकडे जा. ती दाराकडे बघत असेल. हे अजून कसे आले नाहीत, असं विचारलं तर सांग की निघालेत, पोचतीलच. खोटं ठरणार नाही, मी रोज दुपारी जाणार आहे.

पोरी, आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझे,
बाबा