गिरमिटाच्या नळीतला थेंब

मंगळवार, ता. १४, दुपारी दोन

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, नको असले तरी. उजव्या डोळ्याला नीट दिसतं असं तुझी वहिनी सांगत होती, बरं वाटलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत मी दोनदा आलो होतो. इकडे यान पेटीबंद झालंय, शुक्रवारी उड्डाणाच्या तळाकडे निघेल.

तुझा जबाब वाचला. ‘साडेतीन फुटी चढायच्या घोडीवरून पडलो, यंत्राचा कोपरा डोळ्यात घुसला.’ अरे, आपल्या निर्जंतुक खोलीतली घोडी दोन फूट एक इंच आहे. मी स्वतः कापलीय. आणि त्या यंत्राला कोपराच नाही, सगळ्या कडा मी घासून गोल केल्यात. खोटं बोलायचं होतं तर मापं तरी मला विचारायचीस.

मला वाचवायला बोललास, कळतं. म्हणूनच ते घशाखाली उतरत नाही.

गुरूच्या बर्फाळ चंद्रावर जीव आहे का, हे शोधायला जाणारं गिरमीट माझ्या हातचं. पुस्तकं स्वतः वाचून, चार वर्षं खपून केलेलं. ते बर्फ पोखरणार, चुरा नळीत घेणार, नळीतलं यंत्र त्यात जीवाची खूण हुडकणार. शेवटच्या तपासणीला तू भिंग घेऊन आलास, तेव्हा मी सवयीने हातमोजा काढून सांधा चाचपत होतो.

“दादा, उघडा अंगठा लावलास? आता जंतू मारायला सगळं परत भट्टीत भाजावं लागेल!”

“तू रांगत होतास तेव्हापासून हा अंगठा धातू ओळखतो.”

“ओळखत असेल रे. पण हे तुझं वेल्डिंगचं दुकान नाही.”

हसत म्हणालास, घरी चिडवतोस तसंच. माझ्या हातात सहाशे ग्रॅमचा पान्हा होता. तो तुझ्या डाव्या भुवईवर बसला. ओतीव लोखंड तडकतं तसा कोरडा आवाज झाला. तू गुडघ्यांवर आलास. तोंडभर रक्त, आणि म्हणालास काय, तर, “दादा, नळी झाक.”

पहिला फटका रागाचा होता. दुसरा नव्हता. त्या अवस्थेतही तुझंच बरोबर होतं, ते मला ऐकवेना. नेम धरला आणि त्याच डोळ्यावर मारला. तुला आठवत नसेल, तू तिथेच आडवा झालास. वहिनीलाही हे ठाऊक नाही.

त्या फटक्याने उडालेला थेंब नळीत ओघळला. मी कापूस घातला, तो तळापर्यंत पोचेना. तू जमिनीवर घोरल्यासारखा श्वास घेत होतास आणि मी नळीला बूच ठोकत होतो. कागदावर ‘स्वच्छ’ लिहून सही केली. मग तुला उचललं.

सहा वर्षांनी तिथून निरोप येईल, खूण सापडली. जग नाचेल. आणि ती खूण तुझ्या रक्ताची असेल.

चार वाजता मोहीम चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या खोलीत सगळं सांगायला जातोय. यान थांबेल, नळी उघडतील, गिरमिटाला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागेल. मला पोलीस नेतील. ते तुझ्याकडे आले की जबाब बदल. फटके दोन होते, एक नाही. दुसरा मुद्दाम होता, हेही लिही. वहिनीने रडून गळ घातली तरी ऐकू नकोस.

माफी मागायला फाटकाच्या आत यावं लागतं. ते मला जमलं नाही.

तुझ्यावर दोन्ही वेळा हात उगारलेला,
दादा